बिबल्याची रोपं : जांबोटी भागातल्या तीस गुंठ्यांच्या प्रकल्प नोंदी

18 जानेवारी 2022
फाईलवर आधी ‘देशी पाईन लागवड’ असं नाव होतं. ते खोडलं. आपल्या भागात देशी पाईन नाही. चीड नावाची पाईन हिमालयातली, साधारण 500 मीटरपासून 2000 मीटरच्या वरपर्यंत वाढणारी. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे सूचिपर्णींच्या कुळातलं एकच देशी झाड आहे, नागेइया वॉलिचियाना, आणि तेही आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरपर्यंत येत नाही. लोक ज्याला पाईन म्हणून बोट दाखवतात ते बहुतेक वेळा सुरूचं झाड असतं. सुरू पाईन नव्हे आणि या डोंगरांतला तर नव्हेच.

चिडीकडून अपेक्षा होती ती इमारती लाकडाची आणि डिंकाची. या दोन्ही गोष्टी देणारं इथलं झाड बिबला. शास्त्रीय नाव टेरोकार्पस मार्सुपियम. माळावरच्या तांबड्या मातीत तो आपणहून येतो, फक्त पाणी साचता कामा नये आणि डोक्यावर ऊन हवं. खानापूर तालुक्यात बिडी-नंदगडकडून कणकुंबीकडे जाताना पाऊस दुपटीहून जास्त वाढतो. आपला माळ या दोहोंच्या मधे आहे. बिबल्याला एवढा पाऊस चालतो, पण निचरा लागतोच.

जागा : 60 बाय 50 मीटर, म्हणजे साधारण 30 गुंठे. पश्चिमेकडे उतार. वरच्या अंगाला जांभा उघडा पडलाय, खालच्या अंगाला माती दीड हात.

22 जानेवारी 2022
बी मागवण्याआधी नावांचा घोळ लिहून ठेवतो, नाहीतर वर्ष फुकट जाईल. बिबल्याला काही ठिकाणी असन, असना म्हणतात. कोकणच्या बाजूला ‘असाणा’ मागितलात तर मिळतो ब्रिडेलिया रेटुसा, तो काटेरी खोडाचा, निराळाच. हिंदी पट्ट्यातला ‘असन’ म्हणजे आपला ऐन. कानडीत बिबला म्हणजे होन्ने, पण किनारपट्टीकडे ‘होन्ने एण्णे’ म्हणजे उंडीचं तेल, त्यामुळे ‘होन्नेचं बी’ म्हणून उंडीच्या गोल बिया हातात पडू शकतात. आणि फोनवर बोलताना बिबला आणि बिब्बा यांत फरक ऐकू येत नाही, हे वेगळंच.

बाजारातून आणलेल्या बियांत रक्तचंदन मिसळलेलं असलं तरी शेंगेवरून पटकन कळत नाही. दोघं एकाच वंशातले. रोप मोठं झालं की पान बघायचं : रक्तचंदनाला पर्णिका बहुधा तीन, बिबल्याला पाच ते सात आणि टोकाला लहानशी खाच.

यावर उपाय एकच : बी विकत घ्यायचं नाही, ओळखीच्या झाडाखालून स्वतः गोळा करायचं. बांधावरची तीन झाडं मालकाच्या परवानगीने निवडली. बि-1, बि-2, बि-3. छातीइतक्या उंचीवर घेर 168, 142 आणि 205 सेंमी. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून काहीही उचलायचं नाही.

2 फेब्रुवारी 2022
शेंगा गोळा केल्या. बिबल्याची शेंग म्हणजे रुपयापेक्षा मोठी, गोल, चपटी चकती. मधे टणक फुगवटा, भोवती कागदासारखं पंख. आत बहुधा एकच बी, क्वचित दोन. झाडावर तपकिरी झालेल्या शेंगा आकडीने पाडून खाली पसरलेल्या कापडावर घेतल्या. जमिनीवर पडून राहिलेल्या घेतल्या नाहीत, त्यांत कीड जास्त असते.

तीन दिवस सावलीत वाळवून 100 शेंगांचं वजन केलं : 62 ग्रॅम. म्हणजे किलोला साधारण 1600.

6 फेब्रुवारी 2022
प्रत्येक झाडाच्या शेंगांतून काही, अशा 50 शेंगा अडकित्त्याने कापून पाहिल्या. भरलेलं, घट्ट, फिकट गाभ्याचं बी 31 मध्ये. 12 पोकळ. 7 पोखरलेल्या, आत भुसा. बि-2 च्या शेंगांत पोकळ जास्त निघाल्या. ते झाड एकटंच उभं आहे, आसपास दुसरा बिबला नाही, हेच कारण असावं. बि-2 वगळलं.

हाताला लागलं ते इतकंच : फुगवटा दोन बोटांत दाबल्यावर दबला तर शेंग पोकळ. पाच मिनिटांत शंभर शेंगा अशा तपासून होतात. कापायची गरज नाही.

12 मार्च 2022
उगवणीची चाचणी. गादीवाफा 1 बाय 3 मीटर, 15 सेंमी उंच, वर 50 टक्के सावलीची जाळी. चार लॉट.

अ : 100 शेंगा, जशाच्या तशा.
ब : 100 शेंगा, पंख अडकित्त्याने कातरून 24 तास साध्या पाण्यात.
क : 100 शेंगा, पंख कातरून 48 तास शेणकाल्यात.
ड : शेंग फोडून काढलेल्या 60 बिया, 12 तास पाण्यात.

शेंगा आडव्या ठेवून वर वाळू-मातीचा एक सेंमी थर. जास्त खोल गेल्या तर कोंब वर येण्याआधी कुजतो. उथळ राहिल्या तर पाणी घालताना उघड्या पडतात.

‘ड’ साठी 60 चांगल्या बिया काढायला दोन तास लागले आणि 13 फुटल्या. शेंग फुगवट्याच्या शिवणीवर धरून हलका दाब द्यायचा, मधोमध दाबलं की बी दुभंगलंच.

20 एप्रिल 2022
चाचणीचा हिशेब. ‘ड’ ची पहिली रोपं सातव्या दिवशी, ‘ब’ ची अकराव्या दिवशी, ‘अ’ ची एकोणिसाव्या दिवशी. आजअखेर उगवण अ 17, ब 46, क 49 आणि ड मध्ये 60 पैकी 38.

शेणकाल्याने तीन रोपं वाढली, तेवढ्यासाठी दोन दिवस वासात हात घालण्यात अर्थ नाही. सोललेल्या बियांची उगवण सगळ्यांत चांगली, पण मोठ्या प्रमाणावर ते परवडणार नाही. मुख्य पेरणीसाठी ‘ब’ पद्धत ठरली. अ लॉट इतका मागे का पडला ते शेंग उकरून पाहिल्यावर कळलं : पंख आणि साल पाणी आत जाऊ देत नाही, बी महिनाभराने सुद्धा कोरडं होतं. रानात हेच काम पाऊस आणि वाळवी करते.

काल पिशव्या भरल्या. 15 बाय 25 सेंमीच्या 320. मिश्रण घमेल्यांत मोजून : तांबडी माती 26, नदीची वाळू 13, दोन वर्षं कुजलेलं शेणखत 13. त्यात बि-3 च्या बुंध्याजवळची एक घमेलं माती मिसळली. बिबला शेंगवर्गीय आहे, मुळांवर गाठी धरतो. त्या गाठींचे जिवाणू रोपवाटिकेच्या ताज्या मातीत असतीलच असं नाही.

21 एप्रिल 2022
मुख्य पेरणी. काल कातरून भिजवलेल्या 500 शेंगा. चाचणीतली 132 रोपं पिशव्यांत हलवली (150 पैकी 18 उपटतानाच मूळ तुटून गेली). धडा : बीजदलं हिरवी असताना आणि पहिली एकेरी पानं आली की लगेच हलवायचं. त्या वेळी मूळ 8 ते 10 सेंमी असतं. आठवडाभर थांबलं की मूळ वितीच्या पुढे जातं आणि पानांना मात्र काही फरक दिसत नाही. वरून बघून वेळ ठरवता येत नाही, म्हणून दर तिसऱ्या दिवशी एक रोप उकरून पाहायचं.

16 मे 2022
218 उगवली. परवापासून वळीव. वाफ्यावर भाताचं पिंजार दाट पसरलं होतं, जाळी खाली ओढलेली, त्यात संध्याकाळी सवयीने पाणीही घातलं गेलं. आज सकाळी वाफ्याच्या खालच्या कोपऱ्यात रोपं आडवी. देठ जमिनीलगत पाणचट, दोरीसारखा बारीक, वरची पानं अजून हिरवी. ही मर.

पिंजार काढलं, जाळी दोन हात वर बांधली, पाणी बंद. आडवी रोपं मातीच्या ढेकळासकट उचलून लांब जाळली. कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला 3 ग्रॅम, झारीने फक्त वाफ्याच्या मातीत.

28 मे 2022
मर थांबली. गेली 37, उरली 181. त्यांतली 176 पिशव्यांत बसली. एकूण पिशव्यांत 308.
मर खालच्याच कोपऱ्यात का लागली ते पातळी लावल्यावर दिसलं : वाफा त्या बाजूला तीन बोटं खचलेला होता. औषधापेक्षा वाफ्याची पातळी आधी तपासायला हवी होती.

30 जून 2022
या वर्षी लागवड नाही. तीन महिन्यांचं रोप माळावर लावलं तर पावसाळ्यात दिसतं छान, पण उन्हाळ्याला पुरेल एवढं मूळ त्याच्याजवळ नसतं. एक वर्ष पिशवीत.

14 सप्टेंबर 2022
पिशव्या उचलताना कट्कन आवाज येतोय. मुळं तळाच्या भोकांतून जमिनीत उतरली. उचललेली 40 रोपं दुपारी माना टाकून उभी. दर वीस दिवसांनी पिशवी हलवायची असं ठरलेलं, पावसात दोन महिने कुणी हलवली नाही. उचललेली सावलीत ठेवून पाणी दिलं, 31 सावरली.

तीन पिशव्या फाडून पाहिल्या. एकीत मूळ 22 सेंमीवर तळाला टेकून काटकोनात वळलंय, दुसरीत तळाशी पूर्ण फेरा घेतलाय, तिसरीत बरं आहे. बारीक मुळांवर मोहरीएवढ्या गाठी आहेत. नखाने फोडल्या तर आत गुलाबी, म्हणजे चालू आहेत. झाडाखालची माती लागू पडली म्हणायची.

सगळ्या पिशव्या विटांवर टाकलेल्या बांबूच्या ताट्यांवर चढवल्या. खाली वारा मिळाला की मुळाचं टोक हवेत वाळतं आणि वरून फुटवे येतात. हे जूनमध्येच करायला हवं होतं.

जाळी काढायला सुरुवात. एकदम काढली तर पानं करपतात म्हणून आठवड्याला एक पट्टा.

20 डिसेंबर 2022
जिवंत 271. तीस रोपांची सरासरी : उंची 31 सेंमी, बुडाची जाडी 5.2 मिमी. जाडी व्हर्नियर कॅलिपरने, मातीपासून 2 सेंमीवर. तिथे तैलरंगाचा ठिपका दिला. पुढचं प्रत्येक माप त्याच ठिपक्यावर घ्यायचं, नाहीतर माती खचली की जाडीही ‘वाढते’.

9 फेब्रुवारी 2023
पानं पिवळी पडून गळताहेत. बिबला पानगळीचा आहे, हे रोगाचं लक्षण नाही. पाणी निम्म्यावर आणलं. पान नसलेल्या रोपाला रोज पाणी घातलं तर मूळ कुजतं. रोपवाटिकेत उन्हाळ्यात रोपं मरतात त्यांतली निम्मी तहानेने नव्हे, या भलेपणाने मरतात.

6 मे 2023
खड्डे. 4 बाय 4 मीटरवर 190 जागा आखल्या. खड्डा 45 सेंमी लांब, रुंद, खोल. वरच्या अंगाला 25 सेंमीवर जांभ्याचा कातळ लागला. तिथे पहारीने तळ फोडून पाहिला : पहार आरपार जाऊन खाली भुसभुशीत लागलं तर जागा ठेवली, टणटण वाजत राहिलं तर सोडली. 18 जागा सोडल्या. उरल्या 172. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. महिनाभर ऊन खायला उघडे.

जिवंत 254 रोपांतली 172 निवडली, 30 राखीव, 52 बाद. बाद केली ती उंचीवरून नाही. 50 सेंमी उंच आणि 4 मिमी जाड अशी सुतळीसारखी रोपं आधी गेली, 25 सेंमीची ठेंगणी जाडजूड ठेवली. पाहुण्यांना हे पटत नाही, त्यांना उंच रोप हवं असतं.

5 जुलै 2023
तीन दिवसांत लागवड पूर्ण. पाऊस उशिरा आला. पहिल्या सरीवर लावलं नाही. कुदळीने उकरून माती एक फूट ओली लागेपर्यंत थांबलो.

खड्ड्यात आधी वरची माती, अर्धं घमेलं शेणखत, 100 ग्रॅम निंबोळी पेंड (एकूण 17 किलो 200 ग्रॅम). पिशवी ब्लेडने उभी चिरायची, तळाचा एक सेंमी मातीसकट कापून टाकायचा म्हणजे वळलेल्या मुळाचा फेरा जातो. बूड जमिनीच्या पातळीलाच, खोल नाही. भोवती आळं करायचं नाही. इथल्या पावसात आळ्याचं डबकं होतं. उलट मातीचा थोडा उंचवटा.

28 ऑगस्ट 2023
पावसाने दडी मारली. ऐन ऑगस्टात माळ पांढरा पडलाय. (नंतरची भर : हा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला.) नवीन रोपांची पानं दुपारी मिटतात आणि सकाळी उघडतात तोवर काळजी नाही. सकाळीही मिटलेली दिसली, म्हणून 20 तारखेला आणि आज रोपाला दोन-दोन लिटर पाणी. एका वेळी 344 लिटर, गाडीवर दोनशेची दोन पिंपं.

17 ऑक्टोबर 2023
172 पैकी 165 जिवंत. सरासरी उंची 44 सेंमी, जाडी 8 मिमी.

भांगलण करताना सहा रोपांच्या बुडाला खुरपं लागलं. जखमेतून तांबडा रस आला. बिबल्याची ही खूण : साल चिरली की क्षणभर काही नाही, मग चिरेच्या कडेने लाल टिपके, ते एकमेकांना मिळून थेंब, आणि थेंब वाळून काळपट माणकासारखा कडक. बोटात दाबला की त्याचा चुरा. चिडीच्या राळेशी याचं काही नातं नाही. राळ चिकट, टर्पेंटाईनच्या वासाची, पाण्यात न मिसळणारी. हा बिबल्याचा डिंक गरम पाण्यात तपकिरी रंग सोडतो आणि जिभेवर ठेवला की तोंड आवळतं, कारण त्यात टॅनिन भरपूर.

यापुढे रोपाभोवती वीतभर जागेत खुरपं नाही, गवत हाताने उपटायचं. पलीकडचं हातभर विळ्याने कापून तिथेच पसरायचं, पण खोडापासून चार बोटं लांब. आच्छादन खोडाला टेकलं की वाळवी त्याच्या आडून चढते.

11 डिसेंबर 2023
भोवती 220 मीटर, तीन मीटर रुंद जाळरेषा साफ केली. गवत पूर्ण वाळायच्या आत हे काम व्हायला हवं, फेब्रुवारीत उशीर झालेला असतो. शेळ्यांनी 9 शेंडे खाल्ले. करवंदीच्या काटेरी डहाळ्या भोवती रोवल्या.

12 मे 2024
ही नोंद जपून वाचावी.

आज माळावर फिरणाऱ्याला 66 रोपं मेलेली दिसतील. शेंडा वाळलेला, काडी मोडली तर कट् मोडते. रोजंदारीवरच्या मंडळींनी ती उपटून जागा मोकळी करायची तयारी चालवली होती, थांबवलं.

प्रत्येक रोपाची साल नखाने खरवडली, वरून खाली. 99 रोपं शेंड्यापर्यंत आतून हिरवी. वाळलेल्या 66 पैकी 53 रोपांत काडी तपकिरी, पण मातीलगत साल खरवडली की हिरवी ओली रेघ. 13 मध्ये मातीलगतही तपकिरी.

त्या 53 पैकी क्र. 112 उकरून काढलं. वर 48 सेंमीची वाळलेली काडी. खाली बुडाशी 11 मिमी जाडीचं मूळ, गाजरासारखं सरळ निमुळतं होत गेलेलं, वरच्या हातभरात जाड आणि रसदार. 45 सेंमीला खड्डा संपतो, तिथून ते जांभ्याच्या फटीत शिरलंय. 85 सेंमीवर हातातच तुटलं, तुटलेलं टोक पांढरं आणि ओलं. वर काही नाही आणि खाली जवळजवळ दोन हात जिवंत मूळ. तपकिरींतलं क्र. 87 उकरलं तर मूळ पोकळ, वाळवीने भरलेलं.

बिबल्याची पहिली काही वर्षं अशीच जातात. पावसाळ्यात फुटायचं, पानांनी कमावलेलं मुळात साठवायचं, उन्हाळ्यात वरची काडी सोडून द्यायची. रानात वणव्याने, चराईने हेच होतं. मूळ पुरेसं जाड झालं की एका वर्षी काडी टिकते आणि तिथून झाड सुरू होतं. म्हणून पहिल्या तीन वर्षांत उंचीचा तक्ता फसवतो, बुडाची जाडी खरं सांगते.

15 जुलै 2024
वाळलेल्या काडीच्या बुडातून फुटवे. 52 (112 गेलं) पैकी 49 फुटली. तपकिरी धरलेल्यांतली दोन सुद्धा फुटली, मातीच्या तीन बोटं खालून. म्हणजे नखाची परीक्षाही शंभर टक्के नाही, जुलैच्या मध्यापर्यंत काहीही उपटू नये. हिरव्या 99 पैकी एक गेलं. एकूण जिवंत 149.

मे महिन्यात 66 नांग्या (रोप मेलेल्या रिकाम्या जागा) धरून नवी रोपं लावली असती, तर त्यांतली 51 जिवंत मुळं आपल्याच कुदळीने तोडली असती.

नांग्या 23. राखीव 30 रोपं दोन वर्षांहून जास्त काळ पिशवीत राहिलेली. उघडून पाहिली, 22 ची मुळं स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. असं रोप पाच-सहा वर्षं ठीक दिसतं आणि मग वाऱ्यात बुडापासून कलंडतं. ती 22 खतात टाकली, बरी 8 लावली. त्यांना पिवळा ठिपका, हिशेबात वेगळी.

4 ऑक्टोबर 2024
जुलैत धुवांधार पाऊस झाला, मलप्रभा पात्राबाहेर होती. माळावर पाणी थांबलं नाही. खालच्या कोपऱ्यातली चार रोपं मात्र पिवळी पडली, तिथे चर काढून पाणी काढून दिलं.

फुटलेल्या रोपांना तीन ते पाच फुटवे. आज एक ठेवून बाकी कापले. ठेवायचा तो सगळ्यांत जाड नव्हे, सगळ्यांत खालून, मातीलगत निघालेला. वरून, जुन्या काडीवर फुटलेला फुटवा पुढे त्या कुजलेल्या खुंटापाशी मोडतो. कात्री मोकळ्या हवेत, कोरड्या दिवशी. जुलैतच एक ठेवला असता तर वाऱ्याने किंवा शेळीने तो गेल्यावर हाती काही उरलं नसतं.

22 डिसेंबर 2024
माप. न वाळलेली 98 : उंची 81 सेंमी, जाडी 18 मिमी. वाळून फुटलेली 51 : उंची 62 सेंमी, जाडी 17 मिमी. उंचीत वीतभर फरक, जाडीत मिलिमीटरचा.

चिडीला साधारण वर्षाला फांद्यांचा एक फेर येतो, फेर मोजून तरण्या झाडाचं वय सांगता येतं. बिबल्यात तसं काही नाही. वय कळायला पत्र्याचा बिल्ला आणि ही वही. बिल्ला खोडाला तारेने बांधू नये, तार सालीत रुतते. शेजारी खुंटीला बांधावा.

19 मे 2025
या उन्हाळ्यात फक्त 14 रोपांचे शेंडे वाळले, तेही वरचे वीतभर. बुडाची जाडी 15 मिमीच्या वर गेलेल्यांपैकी एकही पूर्ण वाळलं नाही. एवढ्या एका माळावरून नियम करू नये, पण पुढच्या फेरीत 15 मिमी ही रेघ धरून पाहू.

8 ऑगस्ट 2025
रात्री गवे आले. चार रोपं कमरेतून मोडली, एकाची साल शिंगाने सोललेली. मोडलेली तिरपी कापून दिली, फुटतील. गव्याला करवंदीचे काटे अडवत नाहीत, त्यासाठी वेगळा खर्च करायचा नाही असं ठरलं.

सुताराकडून बिबल्याच्या जुन्या चौकटीचा भुसा आणला, ओळखीसाठी. गाभ्याच्या लाकडाचा चिमूटभर भुसा काचेच्या पेल्यात टाकला. दहा मिनिटांत पाणी पिवळं-तपकिरी, आणि काळ्या कापडापुढे उन्हात धरलं की कडेला निळसर झाक. मधुमेहावर म्हणून जे लाकडी पेले विकतात ते याच लाकडाचे. त्या पेल्यावर विसंबून कुणी गोळ्या सोडू नयेत. आपल्या रोपांच्या काड्या टाकून काही होत नाही. त्यांत अजून गाभा धरलेला नाही, सगळं बाहेरचं पांढरं लाकूड.

14 डिसेंबर 2025
माप. न वाळलेली : उंची 149 सेंमी, जाडी 33 मिमी. वाळून फुटलेली : 141 सेंमी, 31 मिमी. डोळ्यांनी आता दोन गट वेगळे ओळखू येत नाहीत, बिल्ल्यावरूनच कळतं. पिवळ्या ठिपक्याची 8 मात्र 70 सेंमीच्या आतच.

खालच्या दोन फांद्या छाटायच्या का, असा प्रश्न आला. नाही. बुडाशी सावली राहू दे, गवत कमी येतं. छाटणी खोड मनगटाएवढं झाल्यावर, आणि पान गळलेलं असताना.

26 डिसेंबर 2025
बि-3 च्या शेंगा अजून हिरवट, बि-1 ला या वर्षी तुरळक. पुढच्या फेरीसाठी तिसरं झाड हवं, आसपास दोन-तीन बिबले असलेलं. नंदगड रस्त्याला बांधावर एक गट दिसलाय, मालकाशी बोलायचं. आकडी, कापड, दोन अडकित्ते (एकाची धार गेली). शेंगा पाडायला जानेवारीचा शेवटचा आठवडा. पिशव्या या वेळी 20 बाय 30 च्या, आणि ताट्या पिशव्या भरण्याआधी बांधून ठेवायच्या.